बुडालेल्या बंदरांचे आडरस्ते

इंग्लंडमध्ये सायकलवरून भटकायला निवांत रस्ता हवा असेल तर नकाशा उघडण्याआधी एक चौकशी करावी: या भागात काय बुडालं? बंदर गाळाने भरलं का, कापडाचा धंदा बसला का, रेल्वेचा फाटा बंद पडला का? असं काही झालेलं असेल तर खुशाल पॅनियर, म्हणजे सायकलला लटकवायच्या पिशव्या, भरावेत. जिथे सगळं नीट चाललं, पैसा खेळता राहिला, तिथला रस्ता कधीच रुंद झालेला असतो आणि त्यावरून आता ट्रक धावत असतात.

हा सिद्धांत माझा. तो सफोकमध्ये सायकल चालवता चालवता तयार झाला. इंग्लंडच्या नकाशावर पूर्वेला समुद्रात घुसलेला जो फुगवटा दिसतो, त्याचा वरचा भाग नॉरफोक आणि खालचा सफोक. लंडनहून सफोकमधल्या इप्सविचला रेल्वेने सव्वा तास लागतो. इथे डोंगर नावाला नाही; सगळ्यात उंच टेकाडही समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास भरतं. त्यामुळे सह्याद्रीत घाट चढलेली माणसं इथे येऊन जरा तोऱ्यात असतात. तो तोरा उत्तर समुद्रावरचा वारा पहिल्या तासाभरात उतरवतो. घाटाला निदान माथा असतो आणि पलीकडे उतार असतो. समोरच्या वाऱ्याला यातलं काहीच नसतं.

नकाशा मात्र कागदाचाच हवा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे गुलाबी मुखपृष्ठाचे, 1:50,000 प्रमाणाचे नकाशे मिळतात. सफोकच्या किनाऱ्यासाठी 156 आणि 169 नंबर, आत कापडाच्या गावांकडे जायचं तर 155. फोनवरचं अॅप ‘सायकलचा मार्ग’ म्हणून काय वाट्टेल ते दाखवतं, कधी चिखलाची पायवाट तर कधी भरधाव हमरस्ता. कागदावर गोष्ट सोपी असते. चार मीटरपेक्षा रुंद गावरस्ता जाड पिवळ्या रेघेने काढतात, त्याहून अरुंद असेल तर बारीक पिवळ्या रेघेने. आपल्याला ही बारीक रेघ हवी. ती सरळ असेल तर जरा शंका घ्यायची आणि वळणावळणाने, मध्येच काटकोनात फिरत जात असेल तर डोळे मिटून पसंत करायची.

या काटकोनांना कारण आहे. इंग्लंडच्या मध्य भागात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेच्या कायद्याने सामायिक शेतं मोडून जमिनीची वाटणी झाली. मोजणीदारांनी पट्टी घेऊन नव्या बांधांबरोबर नवे रस्ते आखले. म्हणून तिकडे रस्ते सरळ असतात आणि दोन्ही कडांना गवताचे रुंद पट्टे असतात. सफोकची बरीच शेतं मात्र त्याच्या कितीतरी आधीच कुंपणं घालून मोकळी झाली होती, त्यामुळे इथल्या पाणंदी मोजणीदाराच्या पट्टीतून सुटल्या. कुणाच्या तरी बांधाला वळसा घालून बैलगाडी गेली, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तो वळसा आज डांबरी आहे, इतकाच फरक. डांबरही दोन चाकोऱ्यांपुरतंच. मधोमध गवताची पट्टी. मे महिन्यात कडेने पांढऱ्या फुलांची कंबरभर रोपं वाढतात, ती गुडघ्यांना घासत राहतात. समोरून ट्रॅक्टर आला तर सायकल उचलून सरळ खाजकुयलीच्या भावंडांमध्ये उभं राहायचं. तिथली नेटल आपल्या खाजकुयलीइतकी छळत नाही, पण अर्ध्या चड्डीत आहोत याची आठवण चांगली करून देते.

पंक्चरचं म्हणाल तर त्याला दोन कारणं. एक म्हणजे गारगोटी, म्हणजेच फ्लिंट. सफोकच्या शेतांत ती जिकडेतिकडे सापडते आणि नांगराच्या फाळाला लागून फुटली की ब्लेडसारखी धार येते. दुसरं कारण कुंपणांची छाटणी. पक्ष्यांची वीण संपल्यावर, शरदापासून, शेतकरी ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने कुंपणं झोडपून काढतात आणि काटेरी झाडांच्या ढलप्या रस्त्यावर पसरतात. काटा टायरमध्ये शिरतो, टोक आतच मोडून राहतं, नवी ट्यूब घातली की तीही पाच मिनिटांत बसते. टायरच्या आतून बोट फिरवून, बोटाला टोचेपर्यंत काटा शोधायचा, दुसरा इलाज नाही. सायकलवाल्यांच्या गप्पांत निसर्गसौंदर्यापेक्षा हा विषय जास्त असतो.

कापडाच्या गावांत लॅव्हनम पहिलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे निळ्या रंगाचं जाड लोकरी कापड तयार होई आणि त्यावर गाव इतकं गब्बर झालं, की 1524च्या करवसुलीत ते इंग्लंडच्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत बसलं. व्यापाऱ्यांनी चर्चला 141 फूट उंच मनोरा बांधून दिला. दूरच्या शेतांतून चालताना, म्हणजे पॅडल मारताना, गावाच्या कितीतरी आधी तो मनोराच दिसतो. 1525 साली आठव्या हेन्रीने फ्रान्सच्या लढाईसाठी जादा कर मागितला तेव्हा याच गावात हजारो विणकर आणि मजूर जमले आणि राजाला तो कर सोडून द्यावा लागला. त्याच दशकात गिल्डहॉल, म्हणजे संघाचं सभागृह, बांधला गेला. मग समुद्रापलीकडून डच निर्वासित आले, कोल्चेस्टरला स्थायिक झाले आणि हलकं, स्वस्त कापड विणू लागले. लॅव्हनमचं जाड निळं कापड कुणाला नकोसं झालं.

यापुढचं मला खरं महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या गावांत पैसा होता, म्हणून तिथल्या लोकांनी जुनी लाकडी घरं पाडून विटांची, सरळ खिडक्यांची नवी घरं बांधली. लॅव्हनमकडे पाडायलाही पैसे नव्हते. म्हणून ओल्या ओकच्या वाशांची, वाळता वाळता वाकलेली, शेजारणीच्या खांद्यावर रेललेली ती घरं तशीच राहिली. आता त्यांचे फोटो काढायला बसगाड्या येतात. बसगाड्या मुख्य रस्त्याने येतात आणि मुख्य रस्त्याने जातात, हे आपलं नशीब. कर्झीकडे जाणाऱ्या बारीक पिवळ्या रेघेवर त्याच दिवशी दुपारी एक तितर-कुळातला फेझंट आणि पोस्टाची लाल व्हॅन, एवढीच रहदारी असते. कर्झीत गावच्या मुख्य रस्त्याला ओढा आडवा जातो, त्यावर गाड्यांसाठी पूल नाही. गाड्या पाण्यातूनच जातात. सायकलवाल्याने मात्र बाजूच्या पादचारी पुलावरून मुकाट उतरून जावं, कारण ओढ्याचा तळ शेवाळलेला आहे आणि समोरच पब आहे. पबच्या बाकांवर बसलेली माणसं याच करमणुकीची वाट पाहत असतात.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा एक मैत्रीण असते, मूळची रेवदंड्याची. तिला घरांत फार रस नाही. तिचं लक्ष फाटकांपाशी मांडलेल्या फळकुटांवर. सफोकच्या आडरस्त्यांवर दर मैल-दोन मैलांवर कुणीतरी परसातली अंडी, प्लम, टोमॅटोची रोपं मांडून ठेवलेली असतात, शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा. ऑगस्टमध्ये झुकिनी इतकी येते की ती लोक फुकटसुद्धा ठेवतात. ही बाई त्या झुकिन्या पॅनियरमध्ये भरते, घरी नेऊन किसते आणि थालीपिठं लावते. थालीपिठं चांगली होतात, कबूल. पण तीस मैल त्यांचं वजन ओढताना समोरून वारा असतो आणि पुढे वारा अडवायला मी असते.

किनाऱ्याची गंमत वेगळी. इथे आडरस्त्यांना नद्यांची तोंडं आडवी येतात आणि पूल फार आत आहेत. मोटारवाल्यांना लांबचा वळसा, सायकलवाल्यांना होडी. फेलिक्स्टो हे ब्रिटनचं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर. तिथून निघणाऱ्या हमरस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नाही. पण त्याच फेलिक्स्टोच्या उत्तर टोकाला, नेपोलियनच्या भीतीने बांधलेले गोल बुरूज ओलांडून गेलं, की डीबन नदीचं मुख लागतं आणि पलीकडे बॉडसी. होडीवाला दिसला नाही तर धक्क्यावर ठेवलेली फळी उचलून हवेत हलवायची. तो पलीकडून बघतो आणि येतो. बॉडसीला उतरल्यावर जो वाडा दिसतो, तिथे 1930च्या दशकात रडारचं संशोधन चालायचं. 1937 साली तिथलं रडारकेंद्र कामाला लागलं, ते जगातलं पहिलं.

पुढे बटली नदी. या होडीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. उन्हाळ्यात, शनिवार-रविवारी, ती स्वयंसेवक चालवतात, वल्ह्यांनी. युरोपातली सगळ्यात छोटी परवानाधारक फेरी, असा तिचा लौकिक आहे. तिथवर रस्ता नाही. दलदलीच्या बांधावरून सायकल हाताने ढकलत न्यायची. ओहोटी असली की दोन्ही काठांना चकचकीत चॉकलेटी चिखल, त्याला खाजणाचा तोच वास. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, घरी आल्यासारखं वाटतंय.’ होडी एवढीशी, की पॅनियर काढून आधी ठेवायचे, मग एक सायकल आडवी, तिच्या हँडलमध्ये दुसरीचं पॅडल अडकवून दुसरी, मग उरलेल्या जागेत आपण गुडघे छातीशी घेऊन. आम्हाला नेणारे आजोबा निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पहिल्यांदा सायकलींची वजनं डोळ्यांनी जोखली, मग आमची, मग काही न बोलता आम्हाला जागा बदलायला लावली. पाच मिनिटांत पलीकडे. भाडं त्यांनी डब्यात टाकायला सांगितलं. झुकिनी देऊ केली तर हात जोडले. घरी ढीग होता.

पलीकडे ऑर्फर्ड. दुसऱ्या हेन्रीने 1165 ते 1173 या काळात इथे किल्ला बांधला, कारण हे बंदर होतं आणि बंदरावर राजाचा वचक हवा होता. मग समुद्राने आपलं काम सुरू केलं. गोट्यांचा एक लांबट दांडा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत गेला आणि बंदर समुद्रापासून तुटलं. किल्ला आहे, त्याच्याभोवती एक झोपाळू गाव आहे, धूर दिलेले मासे विकणारं दुकान आहे आणि किल्ल्याच्या छतावरून दिसणारा तो गोट्यांचा दांडा आहे. त्या दांड्यावर विसाव्या शतकात लष्कराने बॉम्बच्या चाचण्या केल्या, अण्वस्त्रांच्या भागांचीसुद्धा. आता तिथे पक्षी घरटी करतात.

आणि डनिच. लोक डनिचला चर्चच्या घंटा ऐकायला जातात, समुद्राखालून वाजतात म्हणे. मला आजवर गल्सशिवाय, म्हणजे समुद्रपक्ष्यांशिवाय, काही ऐकू आलेलं नाही. मध्ययुगात हे इंग्लंडच्या नावाजलेल्या बंदरांपैकी एक होतं. 1286च्या वादळात मोठा भाग गेला, 1328च्या वादळाने बंदराचं तोंडच बुजवलं आणि मग शतकानुशतकं समुद्र कडा खात आत येत राहिला. ऑल सेंट्स नावाचं चर्च 1904 ते 1919 या काळात तुकड्यातुकड्यांनी खाली गेलं. गाव असं पाण्यात जात असताना संसदेतल्या त्याच्या दोन जागा मात्र 1832 पर्यंत शाबूत होत्या. मतदार समुद्रात गेले तरी मतदारसंघ जात नाही, हे आपल्यालाही कळण्यासारखं आहे.

नकाशावर डनिच बघितलं की एक गोष्ट खटकते. मूठभर घरांच्या खेड्याकडे एवढे रस्ते का येतात? ब्लायबराकडून एक, वेस्टल्टनकडून एक, मधून आणखी. ते खेड्याकडे येत नव्हतेच, शहराकडे येत होते. शहर गेलं, रस्ते येत राहिले. त्या रस्त्यांवर पाइनची सावली आहे आणि ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना हेदरची जांभळी झुडपं. मी हे सगळं मैत्रिणीला फार गंभीरपणे सांगत होते. ती म्हणाली, ‘म्हणजे आमचं चौलच की गं. बंदर बसलं, म्हणून तर वाड्यांतून सायकल मस्त जाते.’

वर्षातून एक रात्र मात्र डनिचचे रस्ते गजबजतात. जुलैमध्ये, पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी, लंडनच्या हॅकनी भागातून शेकडो सायकलवाले संध्याकाळी निघतात आणि रात्रभर आडरस्त्यांनी सुमारे 180 किलोमीटर चालवून पहाटे डनिचच्या किनाऱ्यावर पोहोचतात. याला डनिच डायनॅमो म्हणतात आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे. शर्यत नाही, पदक नाही, नंबर नाही. वाटेतल्या गावांत कुणीतरी हॉल उघडून रात्री दोन वाजता सूप आणि केळी विकतं. ज्यांना शांत रस्ते आवडतात ते सगळे एकाच रात्री त्याच रस्त्यावर येतात, यातला विनोद त्यांनाही कळतो.

सायकलवाले आणि इंग्लंडचे रस्ते हे नातं तसं जुनं. हॅरोगेटला 1878 साली सायकल-प्रवाशांचा क्लब निघाला. क्लबने मान्यता दिलेल्या खानावळींच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाची पाटी लागे. काही ठिकाणी ती अजून दिसते. 1886 पासून याच मंडळींनी चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ चालवली. मोटारी आल्या त्या नंतर, सायकलवाल्यांच्या आंदोलनाने गुळगुळीत होत असलेल्या रस्त्यांवर. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आज हे रस्ते शांत दिसतात, पण त्यांना कायद्याचं कवच फार पातळ आहे. कुठलीही वेगळी पाटी नसेल तर अशा चार मीटरच्या पाणंदीवरही मोटारीला ताशी 60 मैल, म्हणजे 97 किलोमीटरची मुभा आहे. ब्रिटनमधले निम्म्याहून अधिक रस्ते-अपघाती मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात, ते उगाच नाही. 2000 सालच्या वाहतूक कायद्याने ‘क्वाएट लेन’, म्हणजे शांत पाणंद, घोषित करायची सोय केली. सफोकमध्ये गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी (आपल्या ग्रामपंचायतीच) आणि स्वयंसेवकांनी शेकडो लेन अशा घोषित करून घेतल्या. हिरवी पाटी लागते, पण त्याने वेगमर्यादा आपोआप बदलत नाही. पाटी म्हणजे विनंती. स्थानिक माणूस ती पाळतो, आपल्याला बघून थांबतो आणि स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाद देतो. पार्सलची व्हॅन थांबत नाही. तिला दिवसाचा कोटा असतो. मुख्य रस्त्यावर काही तुंबलं की फोनवरचा नकाशा सगळ्यांना याच बारीक पिवळ्या रेघेवर ढकलतो, हा नवाच ताप. सस्ट्रान्स या संस्थेने 1995 साली लॉटरीच्या निधीतून राष्ट्रीय सायकल-मार्गांचं जाळं विणायला घेतलं होतं. 2020 साली त्यातले जवळजवळ पाव मार्ग त्यांनी स्वतःच यादीतून काढून टाकले, कारण तिथे सायकल चालवा असं सांगणं आता जिवावरचं झालं होतं.

माझा सिद्धांत सगळ्यात अडचणीत येतो तो लेस्टनला. डनिचच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोडं आत हे गाव. एकेकाळी इथे वाफेची इंजिनं आणि शेतीची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना होता. तो 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. लेस्टनच्या शेजारी किनाऱ्यावर साइझवेलचं अणुवीज केंद्र आहे आणि तिथे आता नवा, साइझवेल सी नावाचा प्रकल्प उभा राहतोय. 2022 साली त्याला परवानगी मिळाली, 2025च्या जुलैत पैशांचा अंतिम निर्णय झाला. डंपर, खडीच्या गाड्या, कामगारांच्या बसेस. आम्ही ज्या पाणंदींवर झुकिनी विकत घेतो त्यांच्या आसपास हे सगळं चाललंय आणि मला ते अजिबात आवडत नाही. लेस्टनच्या कॅफेतल्या बाईंना मी तसं म्हटलं. त्या कप पुसत म्हणाल्या, ‘तुम्ही रविवारी येता, बरोबर? माझा मुलगा सोमवारी तिथे कामाला जातो.’ यावर मी टीकेक मागवला.

त्या बाईंचं बरोबर आहे. माझी शांतता दुसऱ्याच्या पोटावर येणार असेल तर तिची मागणी कोणत्या तोंडाने करायची, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. मैत्रीण म्हणते, उत्तर शोधू नकोस, दुसरा रस्ता शोध. तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे आणि इथल्या बाबतीत थोडं खरंही ठरणार आहे. योक्सफर्डहून लेस्टनला जाणारा बी 1122 हा रस्ता सध्या प्रकल्पाच्या रहदारीने हैराण आहे. तो थेबर्टन गावातून जातो. थेबर्टनचं चर्च जरूर थांबावं असं: गोल मनोरा, गवताने शाकारलेलं छप्पर आणि पोर्चमध्ये काचेआड ठेवलेला वाकड्या धातूचा एक सांगाडा. 1917च्या जूनमध्ये इथल्या शेतात पाडलेल्या जर्मन झेपेलिनचा, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजाचा, तो तुकडा आहे. आत्ता तिथे सायकल टेकवायची म्हणजे डंपरच्या धुळीत. पण प्रकल्पवाले गावाला वळसा घालणारा नवा जोडरस्ता बांधतायत. तो झाला की जड वाहनं तिकडे जातील आणि थेबर्टनमधला जुना रस्ता रिकामा पडेल. नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत त्याची रेघ कोणत्या रंगाची छापतात ते बघायचं. तोवर आम्ही डार्शम स्टेशनला उतरून वेस्टल्टनवरून जातो; थोडं लांब पडतं, पण त्या वाटेवर अंडी चांगली मिळतात.